सहा रिकामी घरं

परवाना माझ्या नावावर झाल्यापासून ओळखीपाळखीच्या लोकांना एकच उत्सुकता आहे. चालवलंस का? कुणी हळूच विचारतं, कुणी लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं. रिव्हॉल्व्हर म्हटलं की माणसाला चाप आठवतो, आवाज आठवतो, सिनेमातला इन्स्पेक्टर आठवतो. चिंधी कुणाला आठवत नाही. खरं तर शस्त्राच्या मालकीत चाप ओढण्याचा वाटा नखाएवढा असतो. बाकी सगळं पुसणं, मोजणं, कुलपं लावणं आणि कागद सांभाळणं. नव्या परवानाधारकाला हे कुणी सांगत नाही. मग तो पहिल्या पावसाळ्यात तांबूस ठिपके बघून हबकतो आणि पॉलिश पेपर शोधायला लागतो.

हे शस्त्र मी हौसेने घेतलेलं नाही. माझ्या वडिलांची, अण्णांची, सराफी पेढी होती. बाजाराच्या दिवशी रात्री रोकड आणि डाग घेऊन घरी यावं लागे, त्या काळात त्यांनी परवाना काढला. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की ते कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. अण्णांची सत्तरी झाली, भाऊ परदेशी, पेढीवर मी बसते. अर्ज, पोलीस पडताळणी, डॉक्टरांचा दाखला, शस्त्र घरी सुरक्षित ठेवीन अशी लेखी हमी. या पायऱ्यांवर बराच काळ गेला. सगळं जमलं तेव्हा अण्णांनी कपाटातून कातडी म्यान काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “गोळ्या वेगळ्या आहेत. आधी हे उघडून दाखव.” मला उघडता आलं नाही. त्यांनी ते परत कपाटात ठेवलं.

शस्त्र म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. आपल्याकडे ३८ किंवा नऊ मिलिमीटर ही मापं सामान्य नागरिकाला बंद आहेत, म्हणून परवान्याच्या रिव्हॉल्व्हरांत हे बत्तीसच जास्त दिसतं. त्याची घडण इंग्रजांच्या काळातल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवरून आलेली. मागच्या बाजूला अंगठ्याजवळचा खटका दाबला की नळी बिजागरीवर पुढे झुकते आणि शस्त्र मधोमध मोडल्यासारखं उघडतं. त्याच झटक्यात सिलिंडरच्या मध्यातला चांदणीसारखा तारा वर येतो आणि सहाही काडतुसं एकदम बाहेर लोटतो. कल्पना जुनी पण हुशारीची. तिचा दुबळेपणाही तिथेच आहे. सगळा भार बिजागरी आणि खटका यांच्यावर. सिनेमातला नायक मनगटाच्या झटक्याने ते फटकन मिटतो, तेव्हा टाळ्या पडतात. तसं दहा-वीस वेळा केलं की सांधा ढिला होतो आणि नळी डुलायला लागते. दोन्ही हातांनी, दरवाजाची कडी लावावी तसं सावकाश मिटायचं.

उघडायला, मिटायला आणि पुसायला मला शिकवलं ते आमच्या गल्लीतल्या हवालदारकाकांनी. सातारा जिल्ह्यात मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. काकांच्या तोंडी अजून पलटणीची भाषा आहे. नळी साफ करायच्या कापडाला ते चिंदी म्हणतात, आणि चिंदीला माप असतं. सफाईची चार इंच बाय दोन इंच, तेलाची चार बाय दीड. मी कॉलेजात एनसीसीला होते तेव्हा पॉइंट टूटू रायफलीच्या तासाला हे पाठ केलेलं होतं. तेव्हा वाटलं होतं, लष्कराला सगळ्याचंच माप हवं असतं. आता कळतं की अर्धा इंच कमी ठेवण्यामागे कारण आहे. कोरडी चिंदी नळीत घट्ट बसून मळ ओढून आणायला हवी. तेलाची मात्र सैल हवी, नाहीतर नळीच्या तोंडाशीच ती पिळली जाते आणि आतवर तेल पोचतच नाही.

पण काकांनी पहिले काही दिवस चिंदीला हातच लावू दिला नाही. फक्त उघड, बघ, मिट. पुन्हा उघड, बघ, मिट. “रिकामं आहे का?” “हो.” “कशावरून?” “आत्ताच तर बघितलं.” “मग आता कशावरून?”

सुरुवातीला हा मला फौजी खाक्या वाटला. आपण काही कुक्कुलं बाळ नाही. काडतुसं स्वतः काढली, डबीत ठेवली, डबी दुसऱ्या खोलीतल्या तिजोरीत ठेवली आणि आता या टेबलाशी येऊन बसलो. मधल्या दोन मिनिटांत शस्त्रात गोळी उगवणार आहे का? नाही उगवणार. पण माणूस दिवसभरात शेकडो गोष्टी ‘केल्या’ असं समजतो, त्यातल्या काही केलेल्या नसतात, तर काही काल केलेल्या असतात. गॅसचा नॉब बंद केला की नाही हे उंबऱ्यापाशी आठवायला लागलं, तर परत जाऊन बघता येतं. इथे परत जाऊन बघायला सवड नसते. म्हणून सहाही घरं डोळ्यांनी बघायची, मग करंगळीने चाचपायची. प्रकाश कमी असला तर डोळा फसतो, बोट फसत नाही. शस्त्र खाली ठेवून फोन घ्यायला उठलात, तर परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. कुणी हातात देताना ‘रिकामं आहे’ म्हणालं, तर देणारा खुद्द अण्णा असले तरी पुन्हा पहिल्यापासून. यात त्यांचा अपमान नाही. उलट न बघता घेतलं तर अण्णा रागावतात.

वर्तमानपत्रांत एक वाक्य नेमाने छापून येतं: रिव्हॉल्व्हर साफ करत असताना चुकून गोळी सुटली. त्या वाक्याकडे मी पूर्वी अपघाताची बातमी म्हणून बघायची. आता वाचताना मनात येतं, साफ करताना गोळी सुटायला गोळी आत असायला हवी, आणि गोळी आत असेल तर तो माणूस अजून साफ करायला बसलेलाच नाही. निदान काकांच्या हिशेबाने तरी नाही. (ते वाक्य कित्येकदा पोलिसांना सांगण्यासाठीच जुळवलेलं असतं, हा भाग निराळा.) १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. आमच्या पेढीवर त्यावर दोन दिवस विनोद झाले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, घरात, पहाटे, भरलेलं का होतं?

पडल्यावर गोळी का सुटते, हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचं टोक सरळ काडतुसाच्या तळाला टेकून राही. शस्त्र घोड्यावर आपटलं की ते टोक खिळ्यासारखं आत बसे. १८७३ च्या कोल्टच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं होती, पण जाणते लोक पाचच भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. पुढे घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आडवा येणारा लोखंडी अडसर निघाला. चाप पूर्ण ओढल्याखेरीज तो बाजूला होत नाही. आणि तरीही १९४४ मध्ये अमेरिकी नौदलात स्मिथ अँड वेसनचं एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडून सुटलं आणि एक खलाशी मेला. त्यात अडसर होता. पण आत थापलेलं ग्रीस घट्ट होऊन तो जागच्या जागी अडकल्याचं कारण पुढे आलं. त्यानंतर कंपनीने अडसराची रचनाच बदलली.

हा प्रसंग मला कळला तेव्हा तेलाबद्दलची माझी समजूत उलटी झाली. आपली सवय अशी की जपायचं म्हणजे भरपूर घालायचं. देवाला तेल, लोणच्याला तेल, कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल. शस्त्राला थेंब पुरतो. जास्तीचं तेल धूळ धरतं, न जळालेल्या दारूचे कण धरतं आणि काही महिन्यांनी त्याची चिकट राळ होते. खोबरेल तर नकोच. कोकणात जुनी माणसं सर्रास लावत, पण साताऱ्याच्या थंडीत ते गोठतं आणि पुढे खवटून चिकटतं. शिवणयंत्राचं पातळ तेल त्यापेक्षा बरं, आणि बंदुकीच्या दुकानात मिळणारं सगळ्यात बरं. काडतुसांना मात्र तेलाचा हातही लागू द्यायचा नाही. पातळ तेल तळाच्या टोपीतून आत झिरपलं तर दारू मरते. मग ज्या एका क्षणासाठी हा सगळा संसार मांडला, त्या क्षणी नुसतंच टक् होतं.

पुसायला बसते तेव्हा खिडक्या उघडते, टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरते. स्वयंपाकघराचा ओटा नाही आणि तिथलं फडकंही नाही. काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटकात शिशाचं संयुग असतं, त्यामुळे नळीतून निघणाऱ्या काजळीत शिसं असतं. ते पोटात जायला नको. म्हणून हातमोजे, आणि नंतर साबण व गार पाणी. शूटिंग रेंजवर जाऊन आल्यानंतरची सफाई मोठी, एरवीची छोटी. नळीत आधी काजळी सोडवणारं द्रावण फिरवायचं आणि ते मुरू द्यायचं. इथे घाई करणारे लोक मग ब्रश घासत बसतात. पितळी तारांचा ब्रश पाठीमागून घालून पुढून पूर्ण बाहेर काढायचा, मध्येच उलटा फिरवायचा नाही. पुढून घातला तर गज नळीच्या तोंडाच्या कडेला घासतो. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला होतो, ती झिजली की नेम गेला. मग चिंद्या. पहिली काळी निघते, दुसरी करडी, कधीतरी एक कोरी येते. ती कोरी आली की नळी उजेडाकडे धरायची. आतले पिळाचे आटे झळकतात. या वस्तूत सुंदर म्हणावं असं मला एवढंच सापडलं आहे.

सहा घरं सहा वेळा. कंटाळा येतो. पाचव्या घराला हात आपोआप हलका होतो, म्हणून मी कधी कधी सहाव्यापासून उलटी येते. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर जळाल्याची काळी वर्तुळं राहतात. ती पूर्ण जात नाहीत, आणि घासून घालवायचीही नसतात. नव्या मालकाला ती डाग वाटतात. तो त्यांच्या मागे लागतो आणि खऱ्या मळाकडे त्याचं लक्षच जात नाही. खरा मळ ताऱ्याच्या पोटाखाली असतो. दारूचा एखादा न जळालेला कण तिथे बसला की तारा केसभर वर राहतो, सिलिंडर अडखळतो आणि चाप जड लागतो. दात घासायचा जुना ब्रश तिथे सगळ्या परदेशी उपकरणांपेक्षा चांगला चालतो. बाजूचे स्क्रू दिसतात आणि हात शिवशिवतात, पण ते उघडायचे नाहीत. दुरुस्तीचं काम परवाना असलेल्या कारागिराचं, आणि हे शस्त्र कायद्यातच लिहिलेलं आहे. तसंच चौकटीवरच्या नंबराचं. त्यावर गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर फिरवला आणि आकडे पुसट झाले, तर ओळखचिन्ह नसलेलं शस्त्र बाळगल्याचा गुन्हा अंगावर येतो. मऊ फडकं, थोडं तेल, आणि धीर.

गंज मात्र चालवण्याने येत नाही, न चालवण्याने येतो. हे मला फार उशिरा पटलं, कारण ते सहज बुद्धीच्या विरुद्ध आहे. यंत्र वापरल्याने झिजतं अशी आपली समजूत. हे यंत्र कपाटात बसून मरतं. पोलादावरची काळसर निळी झाक हाही लोखंडाचा एक ऑक्साइडच आहे, मुद्दाम चढवलेला. पण तो पातळ असतो आणि बोटाच्या घामातल्या मिठाला फार वेळ थोपवू शकत नाही. त्यात पुन्हा कातडी म्यान. अण्णांनी वर्षानुवर्षं त्यातच ठेवलं होतं, कारण म्यान शोभतं. कातडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली रसायनं त्यात राहतात. म्यानाच्या शिवणीची रेघ नळीच्या डाव्या अंगावर जशीच्या तशी उमटलेली होती. आता म्यान निराळं, शस्त्र निराळं. तेलाचा हात फिरवलेल्या सुती फडक्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत, लोखंडी पेटीत.

माझ्या आजोळी, सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात पिकलं की डुकरांसाठी. मामा ती उडवल्यावर त्याच रात्री उकळत्या पाण्याने धुवायचे आणि आम्हा मुलांना ते वेडेपण वाटे. लोखंडावर पाणी! पण काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते आणि तिच्यातले क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. पाणी उकळतं असेल तर नळी तापून स्वतःच वाळते. मामांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, एका पावसाळ्यात नळी कशी होते ते ठाऊक होतं. माझ्या बत्तीसची दारू बिनधुराची आहे, तिला पाण्याची गरज नाही. तेव्हा मामांची पद्धत मी उचलली नाही. ‘त्याच रात्री’ एवढं मात्र उचललं.

खंडेनवमीला एक पेच असतो. त्या दिवशी पेढीवर तराजू, वजनं, वह्या आणि हे, सगळं पाटावर मांडलं जातं. आई मुठीवर ओलं कुंकू लावायची, अक्षता टाकायची, झेंडूचं फूल नळीवर ठेवायची आणि दसऱ्याचा दिवस उजाडेपर्यंत ते तसंच राहायचं. फुलाच्या देठाखाली एक ठिपका कायमचा बसला आहे. मी श्रद्धेच्या विरुद्ध नाही, ओलीच्या विरुद्ध आहे. आता कुंकू पेटीच्या झाकणाला लागतं, पेटी मिटलेली असते आणि काडतुसं त्या खोलीतच नसतात. आईला हे थोडं कोरडं वाटतं, पण तिने मान्य केलं. उत्सवातली शस्त्रं म्हटलं की मला वरातीत हवेत उडवलेले बार आठवतात. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे. वर गेलेली गोळी खाली येते, हे सांगायला संसदेला कायदा करावा लागला!

प्रामाणिकपणे विचारलं तर हे शस्त्र घरात असावं का, याबद्दल माझं मत पक्कं नाही. अण्णांनी ते उभ्या आयुष्यात एकदाही कुणावर रोखलं नाही. आता पेढीत कॅमेरे आहेत, रोकड कमी झाली आहे, रात्रीचा रस्ता उजळलेला आहे. कधी वाटतं, अण्णांना ते भीतीपेक्षा प्रतिष्ठेसाठी हवं होतं. म्यान शोभतं म्हणून त्यात ठेवणाऱ्या माणसाबद्दल असं वाटणं साहजिक आहे. पण चिंदी घेऊन बसल्यावर ती प्रतिष्ठा फार टिकत नाही. हाताला काजळी, नाकात द्रावणाचा वास, टेबलावर पाच-सहा सुटी फडकी. या अवस्थेत कुणालाही आपण शूर आहोत असं वाटणार नाही. माझ्या मते परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला आधी महिनाभर दुसऱ्याचं शस्त्र त्याच्या नजरेखाली, रेंजवर, साफ करायला लावावं. निम्मे अर्ज आपोआप मागे घेतले जातील.

मोजणीचा भाग उरला. काडतुसं मी दर खेपेला डबीतून काढून उलटी उभी करते. तळावर ‘के एफ’ ही अक्षरं असतात, १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. किती होती, रेंजवर किती गेली, किती राहिली, हे वहीत. परवान्यावर एका वेळी किती बाळगायची याची मर्यादा असते, पण वही त्यासाठी नाही. एक काडतूस कमी भरलं तर ते कुठे असू शकतं, या प्रश्नाला अनेक उत्तरं आहेत आणि त्यातलं एक फार वाईट आहे.

निवडणूक लागली की शस्त्रं जमा करण्याची नोटीस येते. सरसकट सगळ्यांना ती काढू नये, छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. तरी मला आली तेव्हा मी वाद घातला नाही. पेटीतल्यापेक्षा ठाण्यातल्या कपाटात ओल जास्त असणार, म्हणून त्या एका वेळी नेम मोडून तेलाचा जाड हात दिला. मुद्देमाल कारकुनाने फडकं उलगडलं आणि बोटं बघितली. “ताई, एवढं तेल?” “परत कधी मिळणार ते तुम्ही सांगत नाही, म्हणून.” मी शस्त्र उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने नजर टाकून “रिकामं आहे, ठेवा” म्हटलं. मी म्हटलं, बोट लावून बघा. त्याने नाइलाजाने सहाही घरं चाचपली, हात पँटला पुसले आणि पावती लिहिली. मी पावतीवरचा नंबर चौकटीवरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघितला. मधले दोन आकडे उलटसुलट पडले होते. त्याने माझ्याकडे बघितलं, मागच्या बाकावरची रांग बघितली, पावती फाडली आणि नवी लिहायला घेतली.